ऑनलाइन दुकान उघडून देणाऱ्या सर्व्हिसचा रिव्ह्यू: दुकान झकास, गिऱ्हाईक मात्र तुमचं तुम्हीच आणा

आधी स्टार सांगून टाकते, पाचपैकी अडीच. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण मला भांडण करायचं नाही आणि खरं सांगायचं तर या टाइपच्या सगळ्याच सर्व्हिसा उन्नीस-बीस सारख्याच आहेत. महिन्याला भाडं घ्यायचं, दुकानाच्या पानांचा तयार साचा, म्हणजे टेम्प्लेट, द्यायचं, ऑनलाइन पैसे घ्यायची सोय, म्हणजे पेमेंट गेटवे, आणि कुरिअर जोडून द्यायचं आणि म्हणायचं घ्या ताई, तुमचं स्वतःचं ऑनलाइन दुकान. हाताच्या वस्तू विकायलेत किंवा विकायचा विचार करायलेत अशा लोकांसाठी हे लिहायलेय. मोबाईल कव्हर नाहीतर रेडिमेड कुर्ते विकणाऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकतो, का ते पुढं येईलच.

आम्ही अंबाजोगाईहून गोधड्या विकतो. मी, माझ्या जाऊबाई आणि गल्लीतल्या काही जणी. जुन्या सुती साड्या, इरकलीचे काठ, धावदोऱ्याची हातशिलाई, मशीनला हात नाही. लेकरांची दुपटी, सिंगल, डबल आणि उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या. गावात हे विकत जात नाही बरं का, कारण आमच्याकडं घरोघरी वाकळी पडल्यात, मावशी घरची लुगडी आणून टाकते आणि म्हणते शिवून दे गं, पैसे काय ते शिलाईचे. म्हणून आमचं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं, बेंगळुरूचं, जिथं थंडी आहे पण शिवायला आजी नाही. तिथवर पोचायचं तर ऑनलाइन दुकान पाहिजे, इथवर हिशोब बरोबर होता.

चांगलं आधी सांगते. दुकान उघडायला खरंच सोपं आहे, दुपारचं काम आवरून बसलं तर संध्याकाळच्या चहापर्यंत तयार. यूपीआय चालतं, कार्ड चालतं, पैसे दोन-तीन दिवसांत खात्यात येतात, त्यात कधी घोळ झाला नाही. गेटवेचे साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी कापतात, ते आधीच लिहिलेलं असतं. बिल आपोआप बनतं, पत्त्याचं लेबल आपोआप निघतं, प्रिंट काढून चिकटवलं की झालं. अडीच स्टार याचेच.

आता बाकीचं.

जाहिरातीत म्हणतात आज दुकान उघडा, उद्यापासून ऑर्डर. ऑर्डर तर सोडा, माणूसच येत नाही. डॅशबोर्डवर, म्हणजे मालकाला दुकानाचे आकडे दाखवणाऱ्या पानावर, आलेल्या लोकांचा आकडा दिसतो तो बघून पहिल्यांदा लई भारी वाटतं, मग कळतं की त्यातले निम्मे आपल्याच घरचे. नणंद उघडून बघायली, तिची मुलगी बघायली, भाऊजी ऑफिसातल्या लोकांना दाखवायलेत. उरलेल्यात रोज कोणीतरी अमेरिकेतल्या ॲशबर्न नावाच्या गावाहून यायचं. सासूबाईंनी तर विचारून भंडावून सोडलं, कोण गं ही ॲशबर्नची बाई, रोज बघती आणि घेत काहीच नाही. भाच्यानं उलगडा केला, ते व्हर्जिनियातलं गाव म्हणजे डेटा सेंटरांचं आगर आहे, तिथली मशीनं जगभरच्या वेबसाइट चाळत बसतात, त्याला बॉट म्हणतात. बरं, हे वेगळं काढून दाखवायची सोय डॅशबोर्डात नाही. म्हणजे आहे, पण वरच्या प्लॅनमधे. माणसं किती आणि मशीनं किती हे कळायला पण जास्तीचं भाडं, याला काय म्हणावं!

पण माझी मेन तक्रार ही नाही. मेन तक्रार अशी की हे सगळं सॉफ्टवेअर एकसारख्या मालासाठी बनवलंय, हाताच्या कामासाठी नाही. त्यांच्या डोक्यात असं की एक वस्तू, तिचा एक फोटो, स्टॉक पन्नास. आमच्याकडं प्रत्येक गोधडी एकुलती एक. जांभळ्या इरकलीच्या काठाची जी गोधडी आहे ती एकच आहे, ती गेली की गेली, तसली दुसरी होणार नाही कारण ते लुगडंच संपलं. म्हणून आम्ही काय करायचो, प्रत्येक गोधडीचं वेगळं पान, वेगळं नाव, वेगळे फोटो, आणि त्यांच्या मदत व्हिडिओत पण तसंच दाखवलंय. आता बघा काय होतं, एका पानाला गुगलवर दिसायला लागायला कितीतरी आठवडे जातात, कुणीतरी मैत्रिणीला लिंक पाठवतं, कुणी पिंटरेस्ट नावाच्या फोटो जमवायच्या साइटवर डकवतं, हळूहळू त्या पानावर लोक यायला लागतात आणि नेमकी तेव्हाच ती गोधडी विकली जाते. विकली की सॉफ्टवेअर पानावर आउट ऑफ स्टॉक लिहितं आणि थोड्या दिवसांनी पान लपवून टाकतं. म्हणजे जी काही जमवलेली ये-जा होती ती सगळी बंद दारावर जाऊन आदळायली, आणि नव्या गोधडीचं नवं पान परत शून्यापासून. असं केलं तर दुकान दहा वर्षं चालवा, गर्दी कधी साचणारच नाही. हे मला त्यांच्या सपोर्टवाल्यानं सांगितलं नाही, त्याला विचारलं तर म्हणाला मॅडम स्टॉक वाढवा.

यावर आम्ही काढलेला तोडगा असा, गोधडीचं पान करायचंच नाही, प्रकाराचं पान करायचं. 'इरकल काठाची सिंगल गोधडी, हातशिलाई' असं एकच पान, लिंक कायम तीच, आणि आत आज शिल्लक असलेल्या गोधड्यांचे फोटो रंगाच्या पर्यायांसारखे टाकायचे. एक गेली की तिचा फोटो काढायचा, नवी टाकायची, पान मरत नाही. 'बाळाचं दुपटं' हे दुसरं पान. एवढ्यानं जो फरक पडला तो बाकी कशानंच पडला नाही. हे फुकट आहे आणि कुठल्याही सर्व्हिसवर जमतं, म्हणून पहिल्यांदा हेच करा.

मराठीत दुकान चालवणाऱ्यांसाठी अजून एक घोळ आहे आणि त्यावर कुणीच बोलत नाही. पानाचं नाव देवनागरीत दिलं की सॉफ्टवेअर लिंकमधे पण तीच अक्षरं घालतं. ब्राउझरमधे ती नीट दिसते, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की तिचं टक्क्याच्या खुणा आणि इंग्रजी अक्षर-आकड्यांचं चार ओळींचं गुंतवळ होतं. आता मला सांगा, बँकेचे पैसे उडवणाऱ्या लिंकांबद्दल पोरं आपल्या आई-बापाला रोज बजावायलेत, अशात असलं काहीतरी ग्रुपवर आलं तर कोण उघडणार? माझ्या एका जुन्या गिऱ्हाईक काकूंनी फोन करून विचारलं, अगं तुझा फोन हॅक झालाय का. तर पानाचं नाव मराठीतच ठेवा पण लिंकचा भाग सेटिंगमधे जाऊन हातानं बदला, लहान इंग्रजी अक्षरांत छोटासा. ती सेटिंग शोधायला पण दमवतात, प्रॉडक्ट पानाच्या एकदम तळाला बारीक अक्षरात असते.

आता गुगलचं. वस्तूला काव्यमय नाव देऊ नका. 'मायेची ऊब' असं नाव दिलं तर ते कुणी शोधणार नाही. लोक टाकतात 'बाळासाठी गोधडी', 'गोधडी किंमत', 'कॉटन गोधडी ऑनलाइन', आणि निम्मे लोक इंग्रजी अक्षरांत मराठी टाकतात. तेच शब्द नावात आणि पहिल्या दोन ओळीत आले पाहिजेत, मायेची ऊब खाली वर्णनात टाका हवी तर. गुगल सर्च कन्सोल म्हणून गुगलचं स्वतःचं टूल आहे, फुकट आहे, दुकान त्याला जोडलं की लोक नेमके कुठले शब्द टाकून तुमच्या पानापर्यंत आले ते दिसतं. सर्व्हिसच्या डॅशबोर्डपेक्षा हे हजार पटीनं कामाचं. आम्हाला त्यातूनच कळलं की पिशव्यांसाठी कुणीच येत नाही आणि दुपट्यासाठी मात्र येतात, मग पिशव्या पहिल्या पानावरून मागं नेल्या.

याच सर्व्हिसचा एक माणूस मधे मधे फोन करतो, एसईओ पॅक घ्या, म्हणजे दुकान गुगलवर वर दिसावं म्हणून पैसे घेऊन करायचं काम, गुगलच्या पहिल्या पानावर गॅरंटी. गुगलनं स्वतःच लिहून ठेवलंय की पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. हे मी त्याला ऐकवलं, तर म्हणाला ते दुसऱ्यांसाठी हाय मॅडम. फोन ठेवला.

फोटोचं पण एक सांगायचं राहिलं. टेम्प्लेट सगळे फोटो चौकोनी कापतं. गोधडी असती लांबट, आणि तिची सगळी शोभा काठाला, तर नेमका काठच कापला जायचा आणि मधला ठिगळांचा भाग तेवढा उरायचा, बघणाऱ्याला वाटावं चादर आहे. आता आम्ही गोधडी पूर्ण न पसरता बाजेवर तिरकी घडी घालून सकाळच्या उन्हात फोटो काढतो, काठ वर येईल असा, आणि एक फोटो टाक्यांचा अगदी जवळून. टाके थोडे वाकडे दिसले तर चांगलंच, हातशिलाईचा पुरावा आहे तो. मशीनच्या पॉलिस्टर रजयांना 'गोधडी स्टाइल' म्हणून मोठ्या मार्केटप्लेसवर, म्हणजे एकाच साइटवर पुष्कळ विक्रेते असतात तिथं, स्वस्तात विकायलेत, त्यांच्याशी किमतीत आपण टिकणार नाही, टाके दिसले तरच आपली किंमत पटती.

जे लोक येतात ते पैसे देताना का पळतात यावर मी बरंच डोकं लावलं. एक कारण ईमेल. चेकआउटला ईमेल सक्तीचा, आणि आमच्या गिऱ्हाईकांत पन्नाशी-साठीच्या बायका पुष्कळ, त्यांचा ईमेल लेकानं काढून दिलेला असतो आणि पासवर्ड लेकालाच माहीत. फोन नंबरवर काम भागायला पाहिजे, पण ही सेटिंग बदलता येत नाही. रिव्ह्यूचं तसंच, माल पोचला की काकू पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवतात, इतकं गोड बोलतात की जाऊबाईंना दोनदा ऐकवावा लागतो, पण दुकानाच्या पानावर रिव्ह्यू शून्य, कारण तिथं लिहायला खातं उघडा, ईमेल टाका, ओटीपी टाका. नवीन माणूस येऊन बघतो तर एकही रिव्ह्यू नाही, त्याला वाटणारच की हे दुकान कालच उघडलं. आता त्यांच्या परवानगीनं मेसेज टाइप करून वर्णनाखाली टाकतो, नाव न घालता.

दुसरं आणि मोठं कारण कुरिअर. हे नीट वाचा कारण जड-फुगीर वस्तू विकणाऱ्या सगळ्यांनाच लागू आहे. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमधे घेऊन गुणाकार करतात आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागतात, जे येईल ते किलो. खरं वजन आणि हे वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे. सर्व्हिसनं आमच्या मालाला आपोआप ४५ बाय ४० बाय २५ चं खोकं धरलेलं, म्हणजे ९ किलो, आणि गोधडी प्रत्यक्षात अडीच किलोची! गिऱ्हाईकाला चेकआउटला नऊ किलोचा खर्च दिसायचा, तो कशाला थांबतोय. आता आम्ही गोधडी घट्ट गुंडाळून सुतळीनं आवळून ४० बाय ३० बाय १२ मधे बसवतो, ते येतं २.८८, तीन किलोत काम भागतं. माप सेटिंगमधे हातानं भरावं लागतं, प्रत्येक प्रकाराला वेगळं. शिवाय कुरिअरचा खर्च आम्ही किमतीतच धरून 'घरपोच' लिहायला लागलो, बेरीज तीच पण शेवटच्या पानावर धक्का बसत नाही. आणि पोस्टाला विसरू नका, कुरिअरवाले ज्या पिनकोडला नाही म्हणतात तिथं स्पीड पोस्ट जातं.

कॅश ऑन डिलिव्हरी बंद करून टाका, माझं स्पष्ट मत. दारात आल्यावर नको म्हणणारे भेटतात आणि पार्सल परत येतं तेव्हा जायचा आणि यायचा दोन्ही खर्च विकणाऱ्याच्या बोकांडी. ऑर्डरी कमी होतील ही भीती असते, होतातही थोड्या, पण ज्या राहतात त्या खऱ्या.

मग ऑर्डरी येतात कुठून? आमच्या बाबतीत दोन ठिकाणांहून. एक म्हणजे स्टॉल. बचत गटाच्या प्रदर्शनात, यात्रेत, मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गटाच्या बायका जातात तेव्हा तिथं. गोधडी ही हात लावून बघायची गोष्ट आहे, फोटोत मऊपणा दिसत नाही. तिथं लोक हात फिरवतात, सोबत न्यायची सोय नाही म्हणतात आणि निघून जातात. आता प्रत्येकाच्या हातात एक छोटं कार्ड देतो, क्यूआर कोड दुकानाच्या मुख्य पानाचा नाही तर थेट सिंगल गोधडीच्या पानाचा. जो एकदा हात लावून गेलाय तो ऑनलाइन आला की बघत बसत नाही, घेतो.

दुसरं म्हणजे जी गोष्ट दुकानात ठेवताच येत नाही ती. एका ताईंनी पुण्याहून विचारलं, आई गेली, तिच्या साड्या कपाटात तशाच आहेत, त्यांची गोधडी कराल का. केली. त्यांनी बहिणींना दाखवली, बहिणींनी मैत्रिणींना, आणि आता निम्म्याहून जास्त काम हेच आहे. लोक घरच्या साड्या पाठवतात, आम्ही शिवून देतो. म्हणजे गावातल्या मावशीचाच जुना व्यवहार, लुगडी तुमची शिलाई आमची, फक्त मधे कुरिअर आलं आणि शिलाईला बरा भाव आला. पण या कामाला या सर्व्हिसमधे जागाच नाही. ॲड टू कार्ट काय करणार, वस्तू अजून बनलीच नाही. आधी साड्यांचे फोटो बघायचे, विरलेली असेल तर तसं सांगायचं, कुठला पदर वर घ्यायचा ते विचारायचं, अर्धा ॲडव्हान्स, मग उरलेले. कस्टम ऑर्डरचा फॉर्म आहे पण वरच्या प्लॅनला, आणि त्यात फोटो एकच टाकता येतो. आम्ही सरळ पानावर व्हॉट्सॲपचं बटण टाकलंय आणि व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमधे नमुने ठेवलेत, ते फुकट आहे. पैसे यूपीआयवर थेट, गेटवेची कापाकापी नाही.

भाचा म्हणतो मग हे दुकान ठेवलंच कशाला. ठेवायचं कारण असं की नवीन माणूस पैसे पाठवायच्या आधी नाव गुगलवर टाकून बघतो, तिथं काहीतरी धड दिसलं पाहिजे, फोटो, पत्ता, किमती. तेवढ्या कामाला हे दुकान चांगलं आहे, त्यापलीकडं त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

मार्केटप्लेसचं काय असं विचारणारे असतील. तिथं रस्त्यावर गर्दी आधीच असती हे खरं, पण गर्दीचं भाडं पण असतं. परदेशी गिऱ्हाईकासाठी एट्सी नावाची हाताच्या वस्तूंची परदेशी मार्केटप्लेस बघितली, तिथं एक वस्तू चार महिने ठेवायला २० सेंट आणि विकली की साडेसहा टक्के, पेमेंटचं वेगळं. आमच्या एकुलत्या एक मालाला तो हिशोब वाईट नाही, पण परदेशी कुरिअरच्या पैशात इथं दुसरी गोधडी होईल. देशातल्या मार्केटप्लेसवर एक अडचण अशी की राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असो, जीएसटी नंबर लागतोच. राज्यातल्या राज्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना सवलत आहे, जीएसटी नंबरऐवजी जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर, म्हणजे नुसत्या नावनोंदणीचा नंबर, काढून विकता येतं. हे तुमच्या सीएला एकदा विचारूनच करा.

कुणी घ्यावी ही सर्व्हिस? साबण, मसाले, मेणबत्त्या, कानातली, म्हणजे तोच माल परत परत बनवता येतो असं काही असेल तर घ्या, चालेल. गोधडी, विणकाम, चित्रं, एकेकच होणारं काही असेल तर सगळ्यात स्वस्त प्लॅन घ्या आणि वरच्या प्लॅनच्या फोनला भुलू नका. वर्षाचं भाडं एकदम भरलं तर सूट देतात, ती पण घेऊ नका, पावसाळ्यात आमच्याकडं शिवणकाम चालतं, विक्री नाही, ते महिने नुसतं भाडं जातं. आणि बंद करायचं ठरलं तर नुसतं दुकान डिलीट करून भागत नाही, ऑटोपे, म्हणजे खात्यातून भाडं आपोआप कापायची दिलेली परवानगी, चालूच राहतं. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज येतो, तो आला की यूपीआय ॲपमधे ऑटोपे नाहीतर मॅन्डेट असा भाग असतो तिथं जाऊन आधी ते रद्द करा, मग त्यांच्या सपोर्टला काय ते मेल करत बसा.